मुकीचं नाव

कराडच्या चांदसाहेब शिंप्यांनी सेहेचाळीस साली दुकानामागच्या पडवीत मुक्याबहिऱ्या बायकामुलींसाठी शिवणवर्ग सुरू केला, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यांची स्वतःची लेक बहिरी, म्हणून चाचा हट्टाला पेटलेले. दोन मशिनी, चार मुली आणि हजेरी लिहायला मी. पुढं ह्याच पडवीची संस्था झाली. रंगुबाई तिथली पाचवी.

बाजारात ती फाटकी पोती शिवत बसलेली चाचांना दिसली. टाका इतका बारीक, की चाचांनी तिच्या भावाला गाठलंच. भाऊ हंबीरराव, वाळव्याकडचा बागायतदार. सोमवारी तो तिला घेऊन आला.

"नाव?" मी विचारलं.

"मुकी."

"अहो, खरं नाव?"

"समदी मुकीच म्हंत्यात. तिला ऐकूच येत न्हाई, मग नाव कशाला पायजे?"

तीस वर्षांची बाई समोर बसलेली, आणि तिला नावच नाही! आमच्याकडं बैलालासुद्धा नाव असतं हो.

"मग बोलावता कसं हिला?" माझा आवाज चढला.

त्यानं सरळ अंगणातला खडा उचलला आणि तिच्या पाठीत मारला. ती चटकन वळली. रागावली नाही. हसली, बोचकं काखेला मारलं आणि निघायला उभी राहिली. कधी आवाज न चढवणारे चाचा ओरडले, "हंबीरराव, हात खाली!"

"लय जोरात न्हाई मारत," तो म्हणाला. आपलं काय चुकलं ते त्याला खरंच कळलं नव्हतं. "लिवायचं नसंल तर जातो घिऊन. मळ्यात काम पडलंय."

नेली असती तर पुन्हा आली नसती. मी टाक उचलला आणि मनात आलं ते नाव लिहिलं, रंगुबाई. तिचं बोट धरून आधी अक्षरांवर ठेवलं, मग तिच्या छातीवर. ती बघत राहिली. मग आपणहून तिनं बोट वहीवर नेलं, छातीवर आणलं. पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. माझे डोळे भरून आले.

हंबीरराव वहीत वाकून बघत होता.

"बाई, आता ह्ये नाव रेशनच्या कार्डावर चढंल न्हवं? म्हातारी मरून वरीस झालं, तिचं चालूच हाय. हिचं घातलं तर साखर वाढंल."

मेलेल्या आईचं नाव कार्डावर, आणि जितीजागती बहीण कुठंच नाही!

"चढवा," मी कशीबशी म्हणाले. "पण हिचा वाटा इकडं पाठवा. आजपासून ही माझ्या घरी राहील."

वाटा कधी आला नाही. तिला न्यायलाही कधी कुणी आलं नाही.