पॉइंटाला काय भाव?

आमच्या स्टाफरूममधले किस्से मी कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. दोन बॅचच्या मधे दहा मिनिटं मिळतात. त्यात चहा प्यायचा की बोलायचं? आम्ही दोन्ही करतो, म्हणून सरांच्या शर्टावर अन् माझ्या पदरावर कायम डाग असतात. किस्से आपोआप साचत जातात, कुठं कार्ड घासावं लागत नाही. आणि बरं म्हणजे त्यांची मुदत संपत नाही! नुसता 'मुदत' हा शब्द ऐकला तरी मी अजून कॅलेंडर बघते.

लातूरला क्लासच्या गल्लीत मी बायोलॉजी शिकवते. माहेर मुखेडचं. फिजिक्सला नांदेडचे शेख सर, केमिस्ट्रीला किल्लारीकडचे बिराजदार सर. आणि केबिनमध्ये बसून सगळ्या वर्गांचा सीसीटीव्ही बघणारे आमचे मालक, त्यांना आम्ही 'मोठे सर' म्हणतो. एकदा बँकेची माणसं आली अन् आम्हा तिघांच्या हातात क्रेडिट कार्ड ठेवून गेली. खर्च करा, पॉइंट मिळवा! तिथून आमच्या झोपेचं वाटोळं झालं.

* * *

पॉइंटांचं शास्त्र शेख सरांनी आम्हाला फळ्यावर लिहून शिकवलं.

"मॅडम, पॉइंट कमावणं सोपंय. घालवणं अवघड. मिक्सर घेतला तर एका पॉइंटाला वीस पैसे पडतात. विमानाचं तिकीट काढलं तर पन्नास. आणि बँकेची बोनस ऑफर यायची वाट बघून तिकीट काढलं तर पूर्ण रुपया! म्हणजे मिक्सर घेणारा नापास."

बिराजदार सर बारीक आवाजात म्हणाले, "मी कालच घेतलाय."

शेख सरांना मिक्सर-कुकर काही नको होतं. त्यांना अम्मीला उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला न्यायचं होतं, हैदराबादहून विमानानं. अब्बा जायचं जायचं म्हणत वारले, त्यांचं राहूनच गेलं. अम्मीचे गुडघे दरवर्षी थोडे जास्त दुखून राहिले होते. 'मक्केचीच माती मिळाली तर नशीब,' असं अम्मी म्हणायच्या, तिकडं सर लक्ष देत नसत. "अम्मीचं राहायला नको," एवढंच ते म्हणायचे आणि लगेच पॉइंट मोजायला बसायचे.

* * *

बिराजदार सरांची तऱ्हा उलटी. चार पॉइंट जमले की त्यात जे बसेल ते मागवायचं! आणि चार पॉइंटांत काय बसतं? चार्जिंगचा दिवा. त्यांच्या घरी प्रत्येक उशीपाशी एक दिवा, बाथरूममध्ये एक, दाराच्या कडीला एक.

शेख सर कळवळले. "अहो, पॉइंटाला बारा पैसे पडले! एवढे दिवे काय करायचे?"

"सर, भूकंपाच्या टायमाला तुम्ही नांदेडला व्हता. घर पडल्यावर अंधारात कुणाचा हात कुठं हाय ते दिसत न्हाई. पॉइंट घेऊन काय उजेड पडतोय का?"



* * *

मी म्हणलं, आपण मधला मार्ग काढू. चपलांचं व्हाउचर घेतलं. ते आलं आणि खाली बारीक अक्षरात दुकानांचे पत्ते. लातूर नाही, नांदेड नाही. जवळचं दुकान हैदराबादला!

महिनाभरात मुदत संपत होती. मला झोप येईना. शेवटी नवऱ्याला घेऊन रविवारी हैदराबाद गाठलं. जाण्या-येण्यात, जेवण्यात अन् सासूबाईंच्या बांगड्यांत जे गेलं ते गेलं. वर माझ्या मापाची चप्पल नव्हती, म्हणून नवऱ्याला घेतली. ती त्याला चावते.

तो अजून विचारतो, "फुकटची चप्पल कितीला पडली गं?"

* * *

तर शेख सरांचे पॉइंट वाढावेत म्हणून आम्ही ठरवलं, तिघांचा मोठा खर्च त्यांच्या कार्डावर करायचा आणि रोख रक्कम त्यांच्या हातात द्यायची. बिराजदारांचा फ्रिज, माझ्या स्कूटीचे टायर, सगळं शेख सरांच्या कार्डावर. इतकंच काय, बिराजदारांच्या बायकोचं सिझरसुद्धा!

दवाखान्यात बिराजदार बाहेर घाम पुसत येरझारा घालत होते. काउंटरवर कार्ड घेऊन शेख सर. मशीनला रेंज नव्हती. तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"बिल कोण भरतंय?"

"मी," शेख सर म्हणाले.

तिनं दुपट्यातलं बाळ थेट त्यांच्या हातात दिलं. "अभिनंदन, मुलगी झाली!"

शेख सर बाळाकडं बघतात, मशीनकडं बघतात. म्हणाले, "माशाअल्लाह. पण सिस्टर, पेमेंट झालं का?"

* * *

मग ॲडमिशनचा सीझन आला. पालक पिशवीत रोकड बांधून येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेख सर काउंटरपाशी उभे राहायचे. "काका, कॅश माझ्याकडं द्या, तुमची फी मी कार्डानं भरतो."

इस्लापूरच्या एका काकांनी पिशवी पोटाशी धरली. "का बरं? तुमचा काय फायदा?"

शेख सर खोटं बोलत नाहीत. सगळं समजावून सांगितलं. पॉइंट, विमान, अम्मी. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी पैसे माझे, अन् पॉइंट तुमचे?"

"हाव, तसंच."

"मंग अर्धे माझे."

"काका, अर्ध्यात कुकर येईल. घेता?"

"कुकर घालता का चुलीत! माझे अर्धे पोराच्या फिजिक्सच्या मार्कात टाका."

* * *

घरात लोकांची रोकड आणि डोक्यावर बँकेची तारीख. शेख सरांचं वजन उतरलं. रोज बँकेत भरणा करून यायचे आणि पावती तीनदा बघायचे. मला उगीच वाटायचं, आज यांना रस्त्यात कुणीतरी लुटणार.

लुटलं नाही. पण मोठे सर हातात बँकेचा कागद घेऊन स्टाफरूममध्ये आले. आमच्या हातातले कप हवेतच राहिले.

"शेख सर, इस्लापूरचं पोरगं, जळकोटचं पोरगं, मुखेडच्या दोन पोरी, सगळ्यांची फी तुमच्या कार्डावर. एक विचारू का?"

"विचारा सर."

"तुम्हाला लेकरं किती?"

त्या दिवसापासून काउंटर बंद! पण तोवर दोन माणसांच्या जाण्या-येण्याएवढे पॉइंट जमले होते. आम्ही म्हणलं, काढा आता तिकिटं. शेख सर म्हणाले, "पन्नास पैशानं? छे! बोनस ऑफर येऊ द्या, रुपयानं काढू."

दिवाळी गेली, ईद गेली. ऑफर काही येईना. अम्मी न्हाणीघरात घसरल्या. हाड वाचलं, पण हातात काठी आली. तरी सर थांबलेलेच. मी चिडून म्हणलं, "अहो, काय बघून राहिलात? अम्मीचे गुडघे बँकेच्या ऑफरला थांबणारेत का?" ते नुसते हसले. 

* * *

त्यात फसवणुकीचे फोन सुरू झाले. 'तुमचे पॉइंट आज संपतील, ओटीपी सांगा.' मी तर पहिले तीन आकडे सांगूनही बसले होते! बिराजदारांनी माझ्या हातातून फोन हिसकावला. शेख सरांनी नियमच केला, पॉइंटाचा मेसेज आला की तो फ्रॉड. वाचायचा नाही, पुसायचा.

आणि एका सकाळी खरा मेसेज आला. उद्यापासून विमानाच्या तिकिटासाठी पॉइंटाची किंमत अर्धी.

"फ्रॉड," शेख सर म्हणाले. फोन ड्रॉवरमध्ये टाकून वर्गावर गेले. आमच्याकडं वर्गात फोन नेत नाहीत आणि चालू तासाला दार वाजवत नाहीत. वाजवलं की मोठे सर केबिनमधून बघतात.

बिराजदारांचं मन मानेना. त्यांनी आपल्या कार्डामागच्या नंबरवर फोन लावला. ऐकता ऐकता चेहरा उतरला. "मॅडम, खरंय. आज शेवटचा दिवस. उद्या तेवढ्याच पॉइंटात एकच माणूस जाईल."

काठी टेकत अम्मी एकट्या कशा जाणार?

शेख सरांचे त्या दिवशी रात्रीपर्यंत पाठोपाठ तास. मधल्या सुट्टीत आले असते तरी बोनसचंच पालुपद लावून बसले असते. बिराजदारांनी ड्रॉवर उघडला. ओटीपी आला तर बघा म्हणून शेख सरांनीच त्यांना फोनचा पिन देऊन ठेवला होता. पासपोर्टचे फोटोही त्यातच. परीक्षा झाल्यावर क्लासला सुट्टी असते, ती तारीख धरली. मी नंबर वाचत होते, ते टाकत होते.  "चुकलं तर?" मी म्हणलं. "चुकलं तर मला हाणतील," ते म्हणाले अन् बटण दाबलं.

मधली सुट्टी झाली. शेख सर आले. बिराजदारांनी सरळ सांगितलं.

"कितीनं?" पहिला प्रश्न हाच.

"पन्नास पैशानं."

शेख सर लालबुंद झाले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. "रुपयाचा माल अर्ध्यात घालवलात! तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

बिराजदार खाली बघून म्हणाले, "आमच्या मायला मामानं नवी साडी आणली व्हती, सर. दसऱ्याला नेसते म्हणली. गणपती बुडवून आलो अन् पहाटं भूकंप झाला. साडी ढिगाऱ्यातनं घडी न मोडता निघाली."

शेख सर खुर्चीवर बसले.  मी खिडकीकडं तोंड केलं. जरा वेळानं त्यांनी फोन उचलला, नांदेडला लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अम्मी, उमरे के टिकट हो गए. आप और मैं. जाने के, वापसी के, दोनों के."

 पलीकडून अम्मींचा आवाज आला.

"कित्ते पॉइंट गए?"

"सब गए, अम्मी."

"तेरा वापसी का ठीक है बेटा. मेरा कायको निकाला? उत्ते पॉइंट बच जाते थे ना."