खालांना आधी घोटे दिसतात

अख्ख्या जगात माणसाचं तोंड न बघता घोटे बघणारी एकच बाई असावी, आणि माझं नशीब असं की मी तिच्याच पडेगावच्या तबेल्यात येऊन पडलो. खाला, म्हणजे सगळ्यांची मावशी, वरातीसाठी घोड्या भाड्यानं देतात. मी सातवीतच शाळा सोडलेला, कोकणातला. घोडा तोवर चित्रातच पाहिलेला. खालांनी ना गाव विचारलं, ना शिक्षण. पायजमा वर करायला लावला आणि म्हणाल्या, घोटे सरळ आहेत, राहा. माझ्या कुठल्याही अवयवाचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं, म्हणून राहिलो. त्यांच्या धाकट्या जावयाला चष्मा आहे हे त्यांना लग्नानंतर वर्षानं कळलं म्हणतात. घोटे मात्र साखरपुड्यातच पाहून झाले होते.

घोडीच्या खुरावरचा सांधा म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. मागची जाड शीर त्याला झोळीसारखी तोलून धरते, प्रत्येक पावलाला सांधा खाली लवतो, परत उठतो, आणि सगळं वजन तिथंच येतं, असं त्यांनी समजावलं आणि माझी झोप गेली. रोज सकाळी हौदाच्या गार पाण्यात हात धुवायचे, चांदणी घोडीचे सांधे चाचपायचे आणि सांधा तापलाय म्हणत पळत सुटायचं, हा माझा नेम झाला. एकदा खालांनी माझा हात माझ्याच गळ्याला लावला. तोही तापलेला निघाला. गारठलेल्या हाताला सगळंच गरम लागतं, दोन्ही पाय ताडून बघत जा, एवढं त्या शांतपणे म्हणाल्या. पुढं मला सांध्यांवर मऊ फुगवटे सापडले आणि मी रडवेला झालो. त्यांनी दाबून पाहिलं. गार होते, दुखत नव्हते. "तुझ्या डोळ्यांखाली बी हायेत की. तुला कुठं इकलं मी?"

मग गारखेड्याची वरात आली. नवरदेव अंगानं भरभक्कम. मधेच चांदणीचं पाऊल आखडलं. मी खाली बसून दोन्ही पाय ताडून पाहिले. डावा तापला होता. इतक्या वेळा उगाच बोंब मारलेली, की माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. तरी भीत भीत सांगितलं. खालांनी वाकूनही पाहिलं नाही, सरळ नवरदेवाला उतरायला सांगितलं. नवरदेवाचे मामा चिडले. मांडव समोर दिसतोय, तिथवर तरी जाऊ द्या म्हणाले.

"तिथवर तुमी खांद्यावर न्या त्याला," खाला म्हणाल्या. "माझा माणूस म्हणतोय पाय गरम हाय."

डॉक्टरांनी सांगितलं, शीर फाटलीय; चांदणीच्या वराती संपल्या. तिच्यासोबत माझंही काम संपलं असं समजून मी पिशवी भरली. खालांनी ती रिकामी केली, तिच्यात चांदणीच्या पायाच्या पट्ट्या कोंबल्या आणि विचारलं, "हे रोज कोण बांधणार, तुझा बाप?"

सूज उतरली, सांधा मात्र जाडच राहिला. आता रस्त्यानं बँड गेला की चांदणी कान टवकारते. मग खाला उठतात, तिला गोंड्यांचा साज चढवतात आणि मोकळ्या पाठीनं फाटकापर्यंत नेतात. आवाज दौलताबादच्या बाजूला विरेपर्यंत आम्ही तिघं तिथंच उभे असतो.