कायनेज मॅडम

वर्गात आल्याआल्या मॅडम कुणाच्या तरी डोक्यावर लग्नाच्या आहेरातली पांढरी टोपी ठेवायच्या. "हा पेशीच्या पडद्यातला मेदाचा रेणू. टोपी म्हणजे फॉस्फेट. घालणारं एन्झाइम मी, लिपिड कायनेज. आता बघा, ज्याला टोपी, त्याच्याभोवती गर्दी!" आम्ही बाकीची प्रथिनं त्याला घेरायचो आणि पेशीला वाढायचा हुकूम सुटायचा. मॅडमचं नाव तेव्हापासून कायनेज मॅडमच पडलं.

मॅडम औंढ्याकडच्या तांड्यावरच्या. कायनेजला त्याचंच जोडीदार प्रथिन आवरून धरतं, इन्सुलिनचा निरोप आला की पकड सुटते, हे शिकवताना एका पोरीला त्यांचा दंड धरायला लावायच्या. "घट्ट धर गं, भाकर न्हाई खाल्ली का?" वर्ग हसून लोळायचा. मग आवाज खाली यायचा. "टोपी घालणारे गावोगाव भेटतील. काढणारं एन्झाइम वेगळं असतं, त्याला जपा. ते बिघडलं तर पेशी थांबायचं विसरते. कर्करोगाचा एक रस्ता तिथूनच जातो."

अशा बाईंना आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कॉलेजानं तासिका तत्त्वावर झिजवलं. आमचं दुसरं वर्ष चालू असताना, पोरं कमी म्हणून संस्थेनं मॅडमचा जीवरसायनशास्त्र हा विषयच बंद करायचं ठरवलं. मी पत्रक लिहिलं: 'शिक्षणाच्या मारेकऱ्यांनो, खुर्च्या खाली करा!' मॅडमनी वाचलं.

"शिव्या बराबर हायेत. मागणी कुठाय?"

"मॅडम, तुमची नोकरी जाऊन राहिली अन् तुमी पत्रक तपासून राहिल्या?"

"माझी नोकरी सोड. चालू वर्गाचा विषय पूर्ण होऊ द्या, एवढं लिही. लेकरं अर्ध्यात अडकलीत."

मी चडफडत तेच लिहिलं. संस्थेनं मान्यही केलं. विषय आमच्यापुरता राहिला, पण शिकवायला वनस्पतिशास्त्राचे कायम सर आले. मॅडमना घरी बसवलं. याला कुणी तोडगा म्हणत असेल तर म्हणो. मी याला लबाडी म्हणते.

मॅडम गावी निघाल्या तेव्हा एसटी स्टँडवर आम्ही सगळी पोरं गेलो होतो. मॅडम खिडकीशी बसल्या. मी खालून ओरडले, "मॅडम, उद्या सकाळी मोर्चा हाय! तुमाला परत आणल्याबिगर गप बसणार न्हाई."

"मोर्चा काढ की. पण सकाळी तुमचा तास हाय ना? नवे सर घाबरलेत बिचारे. त्यांच्यासमोर रिकामे बाक ठेवू नका."

गाडी हलली. मी डोळे पुसले आणि मोर्चा दुपारवर ढकलला.