तीन दिवसांचं सूतक

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी माझे सासरे सांगलीत वारले. दुपारी दोनच्या आत अंत्यसंस्कार उरकले. त्याआधी मेहुण्याने माझ्या बायकोला अबू धाबीला फोन केला. "ताई, आता येऊन काय करणार? तू पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल." ती गेली नाही.

लग्न झालेल्या मुलीला वडिलांचं सूतक तीन दिवसांचं. ऑफिसची रजाही तीनच दिवसांची होती. चौथ्या दिवशी तिने डोक्यावरून अंघोळ केली, डबा भरला आणि कामावर गेली. अल रीम आयलंडवरच्या आमच्या इमारतीत मराठी घरं चार. चारही घरांतून एकच वाक्य ऐकलं, "खंबीर आहे हो."

त्याच महिन्यात तिच्या शेजारी बसणाऱ्या सुदानी सहकारिणीचे वडील गेले. तिच्याकडे तीन दिवस बायका येऊन मोठ्याने रडत होत्या. पुढेही कित्येक आठवडे ती ऑफिसात रडायची. माझी बायको तिला पाणी आणून द्यायची.

जूनमध्ये बायकोची पाठ दुखू लागली. मग स्वयंपाक थांबला, केस विंचरणं थांबलं. ऑगस्टमध्ये तिने नोकरी सोडली. सुदानी मैत्रीण घरी आली. "यल्ला हबीबती, चल गं बाई, माझ्या डॉक्टरकडे चल. मी तासभर रडले, सगळं सांगून टाकलं. आता गोळ्या घेते. खलास."

क्लिनिकमध्ये हिंदी फॉर्म मिळाला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, किती दिवस कशातच मन लागलं नाही. प्रत्येक प्रश्नाला तिने 'एकही दिवस नाही'वर खूण केली.

"अगं, खरं लिही ना."

"खरंच लिहितेय. सूतक केव्हाच फिटलं, आता उदास कशाला वाटेल? पाठ दुखते, ती यांनी विचारलीच नाही."

डॉक्टर लेबनॉनचे. फॉर्म उलटसुलट पाहून म्हणाले, "भारतातले बरेच पेशंट मला पाठच दाखवतात. पण तुम्ही नाही म्हणताय, तर मी हो कसं लिहू?"

मी स्वयंपाकाचं, केसांचं सांगायला लागलो.

"अहो, घरातलं बाहेर कशाला काढता?" ती मराठीत म्हणाली. मग डॉक्टरांकडे पाहून हसली. "आय अॅम फाइन, डॉक्टर."

त्यांनी मलम दिलं. दुसऱ्या भेटीत फॉर्म तसाच भरला गेला. तिसऱ्या भेटीच्या दिवशी ती अंथरुणातून उठलीच नाही.

जानेवारीत मैत्रिणीच्या गोळ्या बंद झाल्या. ते सांगायला ती खजूर घेऊन आली. बायको खोलीबाहेर आली नाही. "मम्मा इज स्लीपिंग," आमच्या मुलीने दारातून सांगितलं.

या फेब्रुवारीत सांगलीला वर्षश्राद्ध झालं. मेहुण्याने व्हिडिओ कॉल लावला. "ताई, बरी आहेस ना?" "मजेत," ती आडवी पडूनच म्हणाली.

आज सकाळी क्लिनिकच्या अॅपवर तिची फाइल उघडली. निदानाच्या रकान्यात एकच नोंद आहे. पाठदुखी.