पुढच्याचं चाक

आयर्लंडमधल्या नावन गावच्या रविवारच्या सायकलमंडळीत पद्माकर खानझोडे यांच्याइतका नियमांचा कडक माणूस दुसरा नव्हता. हिवाळ्यात ज्याच्या मागच्या चाकावर मडगार्ड नसेल त्याने सगळ्यात शेवटी जायचं, मग तो कुणी का असेना. उगाच मागच्याच्या तोंडावर चिखलाचं शिंपण नको. रांगेत असताना फोन खिशातून काढायचा नाही. फोटो हवा असेल तर थांबा, पाय जमिनीवर टेका, काय काढायचे ते काढा. आणि रस्त्यात खड्डा दिसला की हात खाली करून मोठ्याने ओरडायचं, "खड्डा!"

हा शब्द सुरुवातीला मराठी मंडळींपुरता होता. पण मंडळीत आयरिश लोकही होते, आणि त्यांनाही तो आवडला. डेक्लन नावाचे निवृत्त भूगोल शिक्षक तर तो असा ठणकावून म्हणत की कुंपणापलीकडच्या गाई चरायच्या थांबून बघत. पद्माकरना ते 'पॅडी' म्हणायचे. पॅडी हे तिथलं घरोघरचं नाव. मूळच्या नागपूरच्या माणसाला आयर्लंडमध्ये पॅडी म्हणवून घेताना गुदगुल्या व्हायच्या, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण व्हायच्या.

नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी बाजूला घेत. "हे बघ, रांगेत तुला रस्ता दिसत नाही. तुला दिसतं फक्त पुढच्याचं चाक, एक वीत अंतरावर. तू त्याच्या डोळ्यांनी चालवतोस. आणि चाकाला चाक लागलं, तर चूक मागच्याचीच. पुढच्याला मागचं काही दिसत नाही." लोक हसायचे, 'खानझोडे सरांचा वर्ग' म्हणायचे, पण ऐकायचे. कारण इतक्या वर्षांत या मंडळीत कुणी पडलं नव्हतं.

पद्माकर डब्लिनच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. नाकासमोर चालणारा माणूस. आठवडाभर बस, ऑफिस आणि पुन्हा बस. इथे आल्यावर पहिली काही वर्षं त्यांना कुणी मित्रच नव्हता. ऑफिसात सगळे 'हाउ'र या' विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात. सायकलने त्यांना माणसं दिली. टाराच्या टेकडीवरून मीथ परगण्याची सगळी हिरवळ पायाखाली दिसायची, स्लेनच्या चढावर छाती फुटायची, आणि मग कुठल्याशा गावात स्कोन नावाचे गोडसर पाव आणि चहा घेऊन सगळे ओल्या कपड्यांत एकमेकांची टिंगल करत बसायचे. एवढंच. पण त्या एवढ्यासाठी ते आठवडा काढायचे.

दोन वर्षांपूर्वी आलोक आला. त्याआधी तो जपानात, ओसाकात होता. पाय भक्कम होते, पण आयुष्यभर सायकल एकट्यानेच चालवलेली. रांगेत कसं राहायचं हे त्याला काही माहीत नव्हतं. मनाला येईल तेव्हा ब्रेक, मनाला येईल तिथे वळण. पद्माकरनी त्याला घडवला. त्या हिवाळ्यात दर शनिवारी ते त्याला वेगळं बाहेर काढायचे, वाऱ्याच्या तोंडाशी स्वतः राहून त्याला मागे ठेवायचे. आलोक त्यांना दादा म्हणायचा, आणि त्याची बायको मुक्ता पद्माकरच्या पत्नीची, संध्याताईंची, जिवाभावाची मैत्रीण झाली. दोघींनी मिळून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. संध्याताईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा या गावात कुणाच्या घरी न विचारता जाता येऊ लागलं.

आलोकच्या जपानच्या गोष्टी म्हणजे मंडळीचा चहासोबतचा खाऊ. तिथे डोंगरातल्या आडरस्त्यालाही पेयांचं मशीन असतं, थंड आणि गरम दोन्ही. चोवीस तास उघड्या दुकानाबाहेर बसून सायकलवाले भाताचे त्रिकोणी लाडू खातात. ट्रेनमध्ये सायकल नेता येते, पण चाकं काढून पिशवीत भरूनच. आणि समुद्रातल्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पुलांवरून जाणारा रस्ता आहे, त्यावर सायकलींसाठी निळी रेघ आखलेली आहे. ऐकता ऐकता मंडळी पेटली. वसंतात जपान! राहायची जागा आलोक बघणार, भाषा आलोक बोलणार, सायकली कुठून कशा न्यायच्या तेही आलोकच. आलोक नसता तर यातलं काहीच झालं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पद्माकरही हरखले होते. त्यांनी पिशवी मागवली आणि दिवाणखान्यात चाकं काढायचा सराव करून कार्पेटला काळं ग्रीस फासलं. संध्याताई तणतणल्या, ते हसत राहिले.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी स्क्रीन नावाच्या गावच्या टेकडीवरून उतरताना ते पडले.

त्यांना आठवत होता तो वरचा जुना मनोरा आणि कुंपणाच्या झुडपांची छाटणी करणारा ट्रॅक्टर. त्यानंतर एकदम जवळच्या ड्रोहेडा शहरातल्या हॉस्पिटलचं पांढरं छत. मधलं काही नाही. हेल्मेट मधोमध तडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार बसला की एवढा तुकडा पुसला जातो, तो बहुधा परत येत नाही. खांदा सुजला होता, बाकी ठीक. पण शेजारून चाललेल्या डेक्लनना त्यांनी पडताना सोबत पाडलं होतं. डेक्लनचा खुबा मोडला होता.

"कसं झालं?" त्यांनी पलंगाशी उभ्या असलेल्या विक्रांतला विचारलं. विक्रांत मंडळीतला सगळ्यात जुना, त्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून असलेला.

विक्रांतने क्षणभर आलोककडे बघितलं. "दादा, तुमचं चाक आलोकच्या चाकाला लागलं."

आलोक जमिनीकडे बघत होता. "होतं असं, दादा," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

झालं. चाक लागलं म्हणजे चूक मागच्याची. हा नियम कुणाचा? खानझोडे सरांचा. शिक्षा द्यायला दुसऱ्या कुणाची गरजच पडली नाही.

तो हिवाळा पद्माकरनी स्वतःला खात काढला. आपले डोळे गेले का? हात ढिले पडले का? एका म्हाताऱ्या माणसाला आपण जन्माचं लंगडं केलं का? संध्याताई खांद्याला तेल चोळायच्या आणि ते पुन्हा पुन्हा तेच विचारायचे, "संध्या, मला लांबचं कमी दिसतं का गं? तुला कधी जाणवलं?" त्या म्हणायच्या, "वय झालं की होतं असं. सोडा आता." डोळे तपासले, ठीक निघाले. मग ते म्हणाले, डोळे नाहीत तर डोकं. मंडळीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्यांनी लिहिलं की यापुढे आपण पुढे राहणार नाही, आणि जपानलाही येणार नाही. खाली अंगठे आणि जोडलेले हात आले. कुणीही 'असं का' म्हणून विचारलं नाही. पद्माकरना वाटलं, बिचारे आपल्याला लाजवायचं नाही म्हणून गप्प आहेत.

नोव्हेंबरात त्यांनी सायकल देऊन टाकली. ड्रोहेडाचा एक माणूस व्हॅन घेऊन आला. खांदा अजून नीट वर होत नव्हता, म्हणून एका बाजूने त्यांनी धरली आणि पुढचं चाक संध्याताईंनी धरलं. दोघांनी मिळून ती व्हॅनमध्ये ठेवली. व्हॅन गेल्यावर पद्माकर बराच वेळ शेडमध्ये उगाच काहीबाही आवरत राहिले.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. दर आठवड्याला ते डेक्लनकडे जायचे. आधी हॉस्पिटलात, मग घरी. बेसनाचे लाडू न्यायचे आणि मान खाली घालून बसायचे. अपघाताचं बोलायला जीभ उचलायची नाही. डेक्लनही अवघड विषय आपणहून काढणाऱ्यांतले नव्हते. ते हवामानाबद्दल बोलायचे, लाडू खायचे आणि म्हणायचे, "ग्रँड, पॅडी, ग्रँड," म्हणजे सगळं झकास.

जानेवारीत एका दुपारी डेक्लन काठी टेकत स्वतः दार उघडायला आले. चहा करताना खुशीत होते. "उन्हाळ्यापर्यंत मी पुन्हा सायकलवर बसतो की नाही बघ. तू आणि मी, हळूहळू, बॉइन नदीच्या काठाने."

"माझ्याकडे सायकल नाही," पद्माकर म्हणाले. आणि मग इतके दिवस दाबलेलं सगळं बाहेर आलं. "डेक्लन, मी तुम्हाला पाडलं. माझं लक्ष नव्हतं. मी कसा बसणार पुन्हा सायकलवर? मला माफ करा."

डेक्लननी किटली खाली ठेवली. "तू मला पाडलंस? कोण म्हणतं?"

"माझं चाक आलोकच्या..."

"अरे, युअर मॅन, तो तुझा आलोक, फोन काढून बसला होता! खांद्यावरून मागे धरून आपल्या सगळ्यांचा फोटो घेत होता. एक हात सोडलेला, आणि दुसऱ्या हाताने मध्येच ब्रेक दाबला. मी तुझ्या शेजारी होतो, मला स्वच्छ दिसलं. तू ओरडलासही त्याच्यावर. मग धाडकन!" ते पद्माकरच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं सगळ्यांना. विक्रांत आला होता, बाकीचेही आले होते. मला वाटलं तुला माहीतच आहे. तू कधी बोलला नाहीस, म्हटलं पोरगा मोठ्या मनाचा आहे. पॅडी, तुला कुणीच सांगितलं नाही?"

पद्माकरनी चहा प्यायला नाही. तिथून ते थेट आलोककडे गेले. बसस्टॉपपासून चालताना डोक्यात एकच विचार होता. ज्याला वारा लागू नये म्हणून अख्खा हिवाळा आपण पुढे राहिलो, त्याने केसाने गळा कापावा?

दार आलोकने उघडलं. बैठकीत जमिनीवर जपानला सायकल न्यायची तसलीच पिशवी उघडी पसरलेली होती. त्यांचा चेहरा बघून मुक्ता उठून स्वयंपाकघरात गेली.

"तुझ्या हातात फोन होता," पद्माकर म्हणाले.

आलोकने नाही म्हटलं नाही. तेवढं तरी श्रेय त्याला द्यायला हवं. "दादा, मी सांगणारच होतो. जपानहून आल्यावर."

"जपानहून आल्यावर?"

"म्हणजे... तुम्हाला काही आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी विक्रांतच बोलून गेला, त्याने तेवढंच पाहिलं होतं. मला वाटलं घरी गेल्यावर फोन करून सांगू. मग डेक्लन बोलले, तेव्हा मी सगळ्यांना म्हटलं, मी ट्रिपमधून बाजूला होतो. तेच म्हणाले, तू नसलास तर तिथे कोण बोलणार, तिकिटं झालीत, आता विषय नको. दादा समजूतदार आहेत, सांभाळून घेतील म्हणाले. तुम्ही सायकल देऊन टाकाल असं मला वाटलं नव्हतं."

"पण दिली. मग तेव्हा?"

पद्माकरना एकदम सगळी मंडळी दिसली. ते अंगठे, ते जोडलेले हात. सगळे मूग गिळून बसले होते, आणि वर त्यांनी समजूतदारपणाचं प्रमाणपत्रही देऊन ठेवलं होतं. एक कानफटात द्यावी असं वाटलं. पण तो पिंड नव्हता. ते वळले.

दाराशी मुक्ता धावत आली. डोळे लाल. "दादा, माझं चुकलंच. पण संध्याताईंवर नका हो रागावू. मीच त्यांना शपथ घातली होती."

पद्माकरचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

घरी संध्याताई ओट्याशी होत्या. प्रेसमधून, म्हणजे तिथल्या भिंतीतल्या कपाटातून, ताटं काढत त्यांनी विचारलं, "आज उशीर? डेक्लन कसे आहेत?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

ताटं हातातच राहिली. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही, आणि तिथेच पद्माकर काय ते समजले. रस्त्यात शंभर खड्डे चुकवलेला माणूस, पण या खड्ड्याचा इशारा कुणीच केला नव्हता.

"पहिल्या आठवड्यापासून," त्या म्हणाल्या. "मुक्ता रडत आली होती. म्हणाली, आलोकला सगळे काय म्हणतील. अहो, तुम्हाला ऑफिस आहे, मंडळी आहे. मला या गावात मुक्ताशिवाय कोण आहे? ती तुटली असती."

"मी रोज तुला विचारत होतो. माझे डोळे गेले का. माझं डोकं गेलं का."

"हो."

"आणि सायकल नेली तेव्हा चाक तू धरलं होतंस."

संध्याताई रडू लागल्या. रडता रडता जे बोलायचं नव्हतं तेही बोलून गेल्या. "खरं सांगू? तुम्ही रविवारी घरी राहायला लागलात ना, मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटीच बसत होते हो."

हे मात्र पद्माकरना माहीत नव्हतं. तेही खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. त्यांना ओरडायचं होतं, पण ओरडून झाल्यावर मन मोकळं करायला ज्या एका माणसाकडे ते जायचे, ते माणूसही हेच होतं. ते खुर्चीवर बसले.

संध्याताईंनी डोळे पुसले, ताट वाढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "जेवून घ्या. आमटी गरम आहे अजून."

पद्माकरनी संध्याताईंकडे बघितलं नाही. त्यांनी वाटीला बोट लावलं आणि ती खरंच गरम आहे का ते आधी बघितलं.