सिद्रामप्पा मिस्त्रींचा नकार

गेल्या महिन्यात अक्कलकोटहून सिद्रामप्पांच्या मुलीचं पत्र आलं. "अप्पा गेले. तुम्हांला कळवायला त्यांनीच सांगून ठेवलं होतं," एवढंच. पत्र हातात धरून मी गिरणीच्या वीजघरात किती वेळ बसलो, कोण जाणे…

सिद्रामप्पा आमच्या सोलापूरच्या गिरणीतले विजेचे मिस्त्री. मी पुण्याहून शिकून त्यांच्या हाताखाली आलो, त्याच उन्हाळ्यात भर दुपारी मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज उडाले आणि अख्खी गिरणी थांबली. मी वीजगळती मोजायचा मेगर फिरवून पाहिला. तारांमधून लोखंडी पेटीकडे गळती कुठंच नव्हती. मॅनेजरसाहेब म्हणाले, नवे फ्यूज घाला आणि चालू करा. सिद्रामप्पा खटक्यापाशी उभे राहिले, हात मात्र लावला नाही.

"मेगर खोटं बोलत न्हाय, पण त्याला समदं दिसत न्हाय," ते मला म्हणाले. "आत तारेच्या वेढ्याला वेढा चिकटला असला, तर त्याला कसं कळंल?"

दिव्यांच्या वेगळ्या लाइनीवरून त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या तिन्ही वाइंडिंगना, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळ्यांना, पाळीपाळीनं थोडी थोडी वीज दिली. ॲमीटर मी वाचत होतो. दोन ठिकाणी काटा जेमतेम हलला, तिसऱ्या ठिकाणी पार टोकाला गेला, म्हणजे तिथं वीज नको तितकी ओढली जात होती. साहेब म्हणाले, मीटर जुना आहे. ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीपलीकडेच सूत रिळांवर गुंडाळायचं खातं. तिथल्या बायकांत सिद्रामप्पांची बहीणही होती. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत भरलेलं तेल भडकलं असतं तर…

"उघडून बघू की साहेब," अप्पा म्हणाले. "काय न्हाय निघालं, तर मी नोकरी सोडून घरी जातो."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

दोन दिवस गिरणी बंद. माणसं फाटकाशी येऊन विचारायची आणि परत जायची. तेल काढलं, साखळीनं गाभा वर उचलला. तिसरं वाइंडिंग बाहेरून स्वच्छ, नव्यासारखं. साहेबांनी घड्याळ काढून पाहिलं. काटा मीच वाचला होता, आणि आपली नजर चुकली असेल असं मला एकदम वाटू लागलं. सिद्रामप्पा कापडी पट्टी सोडवत राहिले. तारांचा पहिला थर चांगला. दुसराही चांगला. तिसऱ्यात रुपयाएवढा काळा डाग होता, आणि तिथं तारेचे चार वेढे वितळून एक झाले होते.

"दुरुस्तीला पाठवा," म्हणून साहेब गेले. हात पुसत अप्पा माझ्याकडे वळले.

"कुलकर्णी, दुसरा थर निघाला तवा वाटलं, आपलंच चुकलं. लई भ्यालो."

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. कुठलंही माप घेतलं की ते मला पुन्हा घ्यायला लावायचे आणि स्वतःचा आकडा मनात ठेवून म्हणायचे, "आदी तुमचा सांगा." दोन्ही जुळले की मगच खटका.

आता वीजघरात मी एकटाच माप घेतो. आकडा मोठ्यानं म्हणतो, आणि जरा थांबतो… मग पुन्हा एकदा मोजतो.