पत्त्यांवरचे दिवे

लाँच चालवायच्या परवान्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मी नापास झालो तो एका प्रश्नापायी. मुंबईच्या बंदर-कचेरीत गोऱ्या साहेबाने लाल दिवा दाखवला आणि विचारलं, समोरून येणाऱ्या बोटीचा हा दिवा तिच्या कुठल्या बाजूचा? मी उलट त्यालाच विचारलं, "वारा कुठून हाय, साहेब?"

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला, मग दुभाष्या हसला, दाराशी उभा असलेला पट्टेवालाही हसला. माझं डोकंच फिरलं. आमच्या कोळ्यांच्या होडीत डावं-उजवं कोण बोलतो? वाऱ्याकडची बाजू आणि शिडाकडची बाजू, एवढंच. वारा फिरला की बाजूही फिरली. इंजिनावर चालणाऱ्या लाँचीला वाऱ्याची पर्वा नसते, तिचा लाल दिवा कायम डाव्या अंगाला आणि हिरवा उजव्या, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नियमांचं पुस्तक मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणायचो. पण कोणी मधूनच एखादी गोष्ट उचलून विचारली की पाठांतर गळून पडायचं आणि तोंडातून बापाच्या होडीत शिकलेलंच बाहेर यायचं.

मी तेव्हा रेवसहून मुंबईला जाणाऱ्या लाँचीवर खलाशी होतो. लाँचीचा सारंग, म्हणजे ती चालवणारा मुख्य माणूस, म्हातारा झाला होता आणि शिमग्यानंतर घरी बसणार होता. लाँचीच्या शेटने मला स्पष्ट सांगितलं होतं की परवाना आणलास तर सुकाणू तुझं, नाहीतर बाहेरून माणूस आणतो. मला ते सुकाणू हवं होतं. दुसऱ्या कोणा उपऱ्याच्या हुकमावर डेक धूत म्हातारं व्हायचं, या नुसत्या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी मी वडिलांचा पत्त्यांचा जोड उचलला. पत्त्यांवर भाताच्या खळीने कागद डकवले, होडीला लावायच्या काळ्या रंगाने ते रंगवले आणि त्या अंधारावर दिव्यांचे ठिपके काढले. कुठे एकटा लाल, कुठे लाल-हिरवा एकत्र, कुठे एकावर एक दोन पांढरे, म्हणजे मागे काहीतरी ओढून आणणारी बोट. पत्त्याच्या पाठीवर उत्तराचे बाण काढले, दिवा बोटीच्या कुठल्या अंगाचा आणि आपण उजवीकडे वळायचं की तसंच पुढे जायचं; थांबायचं असेल तिथे आडवी रेघ. बायकोला अक्षरओळख नव्हती, पण बाण कोणालाही कळतो.

संध्याकाळी वडील पत्ते कुटायला बसले आणि वाड्यात बोंब उठली. "माजा बादशा कुठं गेला रं?" बादशहा माझ्या काळ्या कागदाखाली, धुक्यात नांगर टाकून उभा होता. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचे खेळगडी तर मला शाप देत फिरत होते.

सुरुवातीला मी रोज सगळा जोड पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचो. म्हणजे पुस्तकाचंच खूळ, फक्त पत्त्यांत. बायको वलांडीवर, म्हणजे खांबांना बांधलेल्या दोरांवर, बोंबील वाळत घालता घालता ते बघत होती. शेवटी तिला राहवेना. "सगलंच बोंबील रोज चाचपतां काय कोनी?" ती म्हणाली. "वला हाय त्याला रोज बगायचा. आंबटवला झाला त्याला एक दिवस सोरून. सुका झाला तो टोपलीत. पन टोपलीतल्यालाबी अधनंमधनं ऊन दाखवायचा, न्हायतर सादलंल."

मी तिच्यावर खेकसलो. मग पत्ते घेऊन गुपचूप दारामागे बसलो आणि तसंच करून बघितलं.

त्या दिवसापासून जोड तिच्या ताब्यात गेला. चुकलेला पत्ता ओला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर. बरोबर आला की पुढच्या दोरावर, मग टोपलीत. टोपलीतला पत्ता मी विसरून गेल्यावर ती अचानक बाहेर काढायची, तोंडात घास असताना, कालवण नाकाशी दरवळत असताना. अडखळलो की निर्दयपणे म्हणायची, "सादलला! पयल्या दोरावर!" त्या एकट्या लाल दिव्याच्या पत्त्याने मला जेरीस आणलं. तो टोपलीत जायचा, पुन्हा परत यायचा. शेजारणी मासळी निवडताना ओरडायच्या, "काय वो, तुमचा लाल सुकला का न्हाय?" अख्ख्या वाड्याला तो माझ्या आधी पाठ झाला. आणि एक दिवस वडीलच तोंड फुगवून समोर येऊन बसले, पत्ता उचलला आणि म्हणाले, "बोल, कनच्या अंगाचा?" मी पापणी लवायच्या आत बोललो. पत्ता टोपलीत गेला तो पुन्हा पहिल्या दोरावर आला नाही.

शिमग्याच्या तोंडावर मी पुन्हा त्याच साहेबापुढे उभा राहिलो. त्याने मला ओळखलं, दुभाष्याकडे बघून मिशीत हसलाही. मग त्याने सुरुवात केली, आणि मुद्दाम मधूनच. धुक्यात काय करशील? दोन शिट्ट्या ऐकल्यास? एकावर एक दोन पांढरे? त्याने जे जे उचललं ते माझ्याजवळ कोरडं ठणठणीत होतं. मला इतका आनंद होत होता की तो थांबूच नये असं वाटत होतं.

शेवटी त्याने माझ्या उजव्या हाताला नुसता लाल दिवा ठेवला. वर पांढरा नाही. मी म्हणालो, "साहेब, डाव्या अंगाचा दिवा. पन पांढरा न्हाय, म्हंजी शिडाची बोट. वाट मी देनार. तिला वाऱ्याला विचारावं लागतं, मना न्हाय."

दुभाष्याने ते सांगितलं. या खेपेला साहेब खदखदून हसला, आणि हसत हसतच त्याने सही केली.

शिमगा झाला आणि सुकाणू माझ्या हातात आलं. पहिल्या फेरीला मी लाँच रेवसच्या धक्क्याला अशी लावली की कोणाच्या टोपलीतली मासळीसुद्धा हलली नाही. धक्का माणसांनी भरलेला, इंजिन धडधडतंय, आणि बायको माझी भाकरी घेऊन मागे अडकलेली. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्न झाल्यापासून तिने मला "अवो" आणि "आयकलंव का" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, आणि गर्दीत तर अंगावर शिंपला फेकूनच बोलवायची. त्या दिवशी तिने भाकरीचं गाठोडं शेजारणीच्या हातात दिलं, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं ओरडली, "ओ सारंग!"

माणसं वळून बघायला लागली. मला पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. तरी मी पाठ फिरवून उभा राहिलो आणि तिला आणखी एकदा हाक मारू दिली.